मैलाला सहा इंच

पाय मांडीपर्यंत आत गेला तेव्हा वृंदाला पहिल्यांदा जाणवलं ते हे, की खालून वारा येतोय. दुखलं नाही. ती ओरडलीही नाही. नॉकनालूई डोंगराच्या उतारावर, सुकून पिवळ्या पडलेल्या गवतात, उजवा पाय जमिनीवर आणि डावा जमिनीच्या आत अशी ती बसकण मारल्यासारखी टेकली, आणि पँट वर सरकून उघड्या पडलेल्या पोटरीला गार, ओला वारा लागला. तळघराचं दार कुणीतरी किलकिलं करावं तसा. मागून येणाऱ्या दोघांनी काखेत हात घालून तिला ओढून काढलं. गवत पुन्हा मिटलं. शिवॉननं तिच्या पाठीवरची माती झटकली, "यू आर ग्रँड, यू आर ग्रँड," असं धीर देत दोनदा म्हणाली, आणि सगळे पुढं निघाले, कारण पाऊस यायच्या आत वरची खिंड गाठायची होती. आयर्लंडमधल्या गॉलवेच्या ज्या कारखान्यात वृंदा गेली अकरा वर्षं काम करत होती तिथले लोक दर एप्रिलमध्ये या डोंगरावरून चालत जायचे, हॉस्पिसच्या मदतीसाठी. तीनशे माणसं, बरोबर त्यांची मुलं, कुत्री. मार्चमधल्या त्या शनिवारी संयोजकांची नुसती रंगीत तालीम होती. शिवॉन गेली सहा वर्षं ते सगळं बघायची, आणि यंदा वाटेवर उभं राहून माणसं मोजायला तिनं वृंदाला बोलावलं होतं, कारण वृंदा कशाला नाही म्हणत नसे.

सोमवारी ती नेहमीसारखी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली. हृदयाची झडप बसवायला मांडीतल्या शिरेतून जी नळी घालतात तिच्या टोकावर ओरखडा आहे का, एवढं बघायचं. केसाच्या विसाव्या भागाएवढा ओरखडा तिच्या नजरेतून सुटत नसे, आणि कॉफी मशीनकडे जाताना मात्र तिला कळलं की आपण फरशीवर आधी चवडा टेकून बघतोय. सुपरमार्केटमध्ये दुधाच्या कपाटापुढं ती उगाच थबकली. घरात जिन्याची तिसरी पायरी जरा करकरायची, वर्षानुवर्षं करकरत आलेली, ती आता तिनं टाळायला सुरुवात केली. नवऱ्याला, आशुतोषला, सांगितलं तर तो लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला, "अगं, सशाचं बीळ असेल." चौदा वर्षांची तन्वी म्हणाली, "मम, इट्स अ बॉग. बॉग्ज डू दॅट." वाऱ्याचं तिनं दोघांनाही सांगितलं नाही. सशाच्या बिळातून वारा येत नाही. दलदलीच्या चिखलातूनही येत नाही. वारा यायचा तर आत खूप जागा पाहिजे आणि त्या जागेला दुसरीकडे कुठंतरी तोंड पाहिजे. आपण जिथं पाय ठेवला त्याच्या खाली काहीच नव्हतं, ही गोष्ट तिच्या पायाला समजली होती आणि पाय ती विसरायला तयार नव्हता.

बुधवारी कामावरून लवकर येऊन तिनं स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. फोनवरच्या नकाशात तो डोंगर म्हणजे हिरवा कोरा डाग होता, आणि त्यातून चालणाऱ्यांची ठिपक्याठिपक्यांची वाट गेलेली. मग सापडले जुने नकाशे. सरकारी मोजणीचे, कुणीही बघावेत म्हणून ठेवलेले, मैलाला सहा इंच मापाचे. पहिला होता १८३८ चा. तो पडद्यावर हळूहळू उमटत गेला आणि वृंदानं नकळत खुर्ची पुढं ओढली. कोरा डाग नव्हताच तो. डोंगराच्या पोटाशी घरं होती, एकेक घर वेगळं, मुंगीएवढं काळं चौकोनी. तिनं मोजली तर एकेचाळीस भरली. घरांमागं वाफे. वाफ्यांच्या कडेनं दगडी बांध, आणि बांध जिथं वळला होता तिथं तो खरोखर वळला होता, हाताला कंटाळा आला म्हणून गोलावला नव्हता. झरा, उतार, चुन्याची भट्टी, मेंढ्यांचा दगडी वाडा. वर खाणीचं कोठार, आणि त्याच्या आजूबाजूला चार टिंबं. प्रत्येक टिंबापाशी तिरप्या बारीक अक्षरांत लिहिलेलं, शाफ्ट. खाणीत उतरायची विहीर. साठ वर्षांनंतरच्या नकाशात एकेचाळीस घरांची तीन झाली होती. बाकीच्या जागी लांबच लांब सरळ रेघ मारून मेंढ्यांचं एकच प्रचंड कुरण केलेलं. खाणीपुढं 'बंद' असं लिहिलेलं. आणि चार टिंबांपैकी दोनच उरलेली.

"काय बघालीस?" मागून आवाज आला. अण्णा रेडिएटरजवळची खुर्ची सोडून कधी उठले तिला कळलं नव्हतं. पद्माकर, तिचे वडील, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, तीन आठवड्यांपूर्वी गारगोटीहून आले होते. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. दिवसभर खिडकीतून समोरच्या घरांच्या एकसारख्या छपरांकडे बघत बसायचे, आणि कुणी विचारलं की "ब्येस हाय" म्हणायचे. आता त्यांनी चष्मा वर केला आणि पडद्याजवळ इतकं वाकले की त्यांच्या खोबरेल तेलाचा वास तिला आला. डोळे बारीक केले. मग म्हणाले, "कुणी काढलाय? हात चांगला हाय."

चौतीस वर्षं त्यांनी भुदरगड तालुक्यातल्या जमिनी मोजल्या होत्या. भूकरमापक असं खात्यातलं नाव, लोक मोजणीसाहेब म्हणायचे. बांध कोरलेल्या भावाभावांच्या मधोमध साखळी धरून उभं राहायचं, दोघांच्या शिव्या खायच्या आणि संध्याकाळी पायमोज्यांत कुसळं घेऊन घरी यायचं. आई ओट्यावर बसून एकेक कुसळ उपटायची. पुण्याला इंजिनिअरिंगला गेल्यावर मैत्रिणींनी विचारलं तेव्हा वृंदा म्हणाली होती, वडील महसूल खात्यात आहेत. खोटं नव्हतं ते. पण महसूल म्हटलं की डोळ्यांपुढं मोटार आणि शिपाई येतो, कुसळं येत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. आणि आता हा माणूस तिच्या परक्या स्वयंपाकघरात, पडद्याला बोट न लावता, बोट अर्धा इंच वर हवेत ठेवून रेघेमागून रेघ फिरवत होता, आणि त्याचं तोंड जरासं उघडं राहिलं होतं. हे तोंड तिनं असं उघडं राहिलेलं पूर्वी फक्त एकदा पाहिलं होतं, तन्वीला पहिल्यांदा मांडीवर दिली तेव्हा.

"इथं माझा पाय गेला, अण्णा," ती म्हणाली आणि एका टिंबावर बोट ठेवलं. वाऱ्याचंही सांगितलं. त्यांनी सशाचं नाव काढलं नाही. "पडद्यावर न्हाई कळत," एवढंच म्हणाले. "कागद बघाय पायजे."

कागद विद्यापीठाच्या ग्रंथालयात होता. वेळ ठरवून जावं लागलं. पेन आत न्यायचं नाही, पिशव्या बाहेर. अण्णांनी कुणी न सांगता दोनदा हात धुतले, रुमालानं कोरडे केले आणि बोटं नाकाशी नेऊन तेलाचा वास राहिला नाही ना ते बघितलं. तिथल्या बाईंनी मोठा सपाट खण उघडून तो कागद दोन्ही हातांवर उचलून आणला, तशी ते उभे राहिले. पुढचा तासभर वृंदा नकाशा कमी आणि त्यांना जास्त बघत होती. त्यांना इंग्रजी नावं धड लागत नव्हती आणि त्यांना त्यांची गरजही नव्हती. "ह्ये मेंढरांचं कोंडवाडं. दार खाली हाय बघ, म्हंजे वारं वरनं येतंय. ही वाट पाण्याची, माणसांची न्हवं; माणसांची असती तर घरामागनं गेली असती." त्यांनी एकेक बांध वाचला. कुठल्या घराचं कुणाशी पटत नसावं तेही सांगितलं, कारण दोन अंगणांच्या मधे उगाच दुहेरी भिंत होती. मग डोंगराच्या उत्तरेच्या कड्यापाशी त्यांचं बोट थांबलं. तिथं बारीक रेघा येत येत एकदम तुटल्या होत्या आणि अंगठ्याएवढी जागा कोरी होती. "इथं त्याला जाता आलं न्हाई," अण्णा हळू म्हणाले. "धुकं असंल, न्हाईतर तुटलेला कडा असंल. म्हणून मोकळं सोडलंय. चार रेघा मारल्या असत्या तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. दोनशे वर्षं कळलं नसतं. पर त्यानं न्हाई मारल्या." ते खुर्चीत बसले आणि चष्मा पुसत राहिले. कागदाच्या तळाशी कुणा कॅप्टनचं नाव कोरलं होतं. वृंदानं ते वाचून दाखवलं. "नाव साहेबाचं असतंय," ते म्हणाले. "चालणारा येगळा." वृंदाच्या मनात आलं, या सगळ्या डोंगरावर एक माणूस चालला होता. एकेका घराच्या दारापुढं थांबला होता. त्यानं चार विहिरींच्या काठाशी उभं राहून चार टिंबं मांडली होती, आणि ज्याला हे सगळं दिसतं असा दुसरा माणूस पायमोज्यांतली कुसळं काढून घेत तिच्याच घरात राहत होता. बाईंनी आपणहून नकाशाची प्रत काढून दिली. जाताना त्या अण्णांकडे बघत वृंदाला म्हणाल्या, "युअर मॅन नोज व्हॉट ही इज लुकिंग अॅट."

शिवॉनला तिनं दुसऱ्या दिवशी कॅंटीनमध्ये गाठलं. शिवॉननं प्रत बघितली, चहाचा कप बाजूला सरकवला. "सहा वर्षं त्याच वाटेनं जातोय, वृंदा. कुणाला काही झालं नाही."

"मला झालं."

"तुझा पाय अडकला."

"तिथं विहीर आहे. आणि आणखी एक आहे, ती नेमकी कुठं आहे हे कुणालाच माहीत नाही. नकाशावर ती वाटेच्या जवळ आहे." आपला आवाज चढलाय हे वृंदाला जाणवलं, शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी मान वळवली, पण तो तिला खाली आणता येईना. "एका टिंबावर पाय टाकून मी परत आलेय. दुसऱ्यावर कुणाचं पोर पाय टाकणार असेल तर मी तिथं माणसं मोजत उभी राहणार नाही."

शिवॉननं प्रत पुन्हा पुढं ओढली. अकरा वर्षांत तिनं वृंदाला कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं. "जागा दाखव मला," ती शेवटी म्हणाली. "एका जुन्या कागदावरून तीनशे लोकांची वाट बदलता येत नाही. भोक दाखव, वाट बदलते."

तो डोंगर कोलमन नावाच्या सत्तरीच्या माणसाच्या मेंढ्यांचा होता. रविवारी सकाळी आशुतोषनं वृंदाला आणि अण्णांना गाडीतून तिथं पोचवलं आणि तन्वीला घेऊन तो पुढं किनाऱ्याकडे गेला. कोलमन अंगणात उभाच होता, पायांशी काळंपांढरं कुत्रं. त्यानं अण्णांशी हात मिळवला, त्यांच्या कानटोपीकडे आदरानं पाहिलं आणि आपली टोपी जरा खाली ओढली. दोन विहिरी त्याला ठाऊक होत्या. त्याच्या बापानं त्यांच्याभोवती तारा ठोकल्या होत्या. तिसरी म्हणजे वृंदाचा पाय गेला ती. तिच्याभोवती त्यानं, वृंदाचा फोन आल्यावर, कालच चार खुंट रोवले होते. चौथ्या टिंबावर वृंदानं बोट ठेवलं तेव्हा त्यानं वर डोंगराकडे हनुवटी उडवली. मग म्हणाला, त्या अंगाला दर दोन वर्षांनी एखादी मेंढी जाते. हाड नाही, लोकर नाही. त्याचा आजा म्हणायचा, डोंगर आपला वाटा घेतो. आयरिश भाषेत क्नॉक न लूई म्हणजे शिशाचा डोंगर. मोजणीवाल्यांनी कानाला जसं ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहून टाकलं, नॉकनालूई. "वाईट नाही लिहिलं," कोलमन म्हणाला. "मोठ्यानं वाचलं की अजून कळतं."

फोनमध्ये जुना नकाशा नव्यावर पसरता येत होता, आणि वृंदा आधी तसंच करणार होती. अण्णांनी मान हलवली. तिसरं टिंब फोन चाळीस पावलं बाजूला दाखवत होता; तिथं नुसती कातळाची पाठ होती. "कागद ताणलेला असतोय. त्याच्या खुणा त्याच्याच जमिनीवर शोधाय लागत्यात." मेंढ्यांच्या वाड्याचा खालचा कोपरा अजून जागेवर होता, पायाचे दगड हललेले नव्हते. वर खाणीच्या कोठाराची एक त्रिकोणी भिंत उभी होती. कागदावर या दोहोंना जोडणारी रेघ चौथ्या टिंबातून जात होती. अण्णांनी वाड्याच्या भिंतीवर कागद ठेवून पट्टी लावली, अर्ध्या इंचाला थोडं कमी. कोलमनकडे गवताच्या गठ्ठ्यांना बांधायची निळी सुतळी होती. तिची त्यांनी तेहेतीस फुटांची साखळी केली, सोळा गाठी मारून, गाठी दातांनी आवळून. "बारा साखळ्या," ते म्हणाले. त्यांच्या गुडघ्याला त्या गवताच्या गड्ड्यांवरून चालवणार नव्हतं. तेव्हा त्यांनी कोपऱ्याशी उभं राहून रेघ बघायची, आणि वृंदा आणि कोलमननं सुतळी टाकत वर जायचं, असं ठरलं. कोलमननं वृंदाच्या कमरेला जाड दोर बांधला, त्याचं दुसरं टोक स्वतःच्या कमरेला, आणि तिच्या हातात लांब काठी दिली.

वाऱ्यात आवाज जात नव्हता. दर साखळीला ती मागं वळून बघायची. अण्णा काठी डोळ्यांपुढं धरून उभे, एक डोळा मिटलेला. डावा हात आडवा केला की डावीकडे सरायचं. थोडं अजून. दोन्ही हात खाली, म्हणजे तिथंच. चाळीस वर्षांची नोकरदार बाई, तपासणी विभागातली, अशी जी कोण ती होती ती हळूहळू मागं पडत गेली आणि तिला हातवाऱ्यांनी हलवणाऱ्या त्या लांबच्या छोट्या आकृतीचं एवढं बरं वाटायला लागलं की तिचे डोळे चुरचुरले, वाऱ्यानं असेल. बारावी साखळी संपली. तिनं काठी खुपसली. घट्ट. पुढं, मागं, बाजूला. कोलमननंही खुपसून बघितलं. सगळीकडे घट्ट, ओलं, निरुपद्रवी गवत. पाऊस आला तसे ते खाली परतले.

कोलमन चहाचा फ्लास्क आणायला घराकडे गेला. बापलेक वाड्याच्या भिंतीच्या आडोशाला बसली. अण्णा कागद कोटाच्या आत धरून होते. काहीच सापडलं नव्हतं, शिवॉनला दाखवायला काही नव्हतं, पायमोजे भिजले होते, आणि वृंदाच्या तोंडून जे निघालं ते तिनं ठरवलेलं नव्हतं. "तुम्ही मला तीन दिवस सांगितलं नाहीत, अण्णा."

त्यांनी काय म्हणून विचारलं नाही. तीन वर्षांपूर्वी, विमानं बंद होती तेव्हा, आईला कोल्हापूरच्या दवाखान्यात ठेवलं होतं आणि तीन दिवस ते फोनवर "ब्येस हाय" म्हणत राहिले होते. चौथ्या दिवशी सांगितलं तेव्हा सांगण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. वृंदानं नंतर कधी विचारलं नाही. फोन करायची, जेवलात का विचारायची, औषधं विचारायची. सगळ्या गप्पा त्या जागेला वळसा घालून जायच्या.

"मला यायला जमलं नसतं, ठाऊक आहे," ती म्हणाली. "पण मला कळायला पाहिजे होतं. मी त्या तीन दिवसांत एकदा नखं रंगवली. तन्वीबरोबर. अजून आठवतं मला, कुठला रंग ते."

पाऊस भिंतीच्या वरून पलीकडे जात होता. अण्णांच्या हातांवर निळ्या सुतळीचे वळ उठले होते. "मला वाटलं, घरी येईल," ते म्हणाले. "खरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी ती पेज प्याली. म्हटलं, आली की तिलाच फोन द्यावा, तीच सांगंल, मी कशाला भ्या घालू." त्यांनी कोटातला कागद नीट केला. "माझा अंदाज चुकला, वृंदा."

एवढंच. तिला वाटलं होतं, हे कधी बोललं गेलंच तर मोठा आवाज होईल, कुणीतरी रडेल, कुणीतरी उठून जाईल. तसं काही झालं नाही. एका म्हाताऱ्या माणसानं आपली चूक सांगितली होती, त्याच आवाजात, ज्या आवाजात त्यानं आयुष्यभर फेरमोजणी करायची म्हटल्यावर लोकांची माफी मागितली असेल. तिनं त्यांचा हात हातात घेतला. गार होता. तो तिनं आपल्या जाकिटाच्या खिशात, आपल्या हातासकट, घातला. कोलमन चहा घेऊन आला तेव्हा दोघं तशीच बसलेली होती, आणि तो कुत्र्याशी काहीतरी बोलत जरा लांबच रेंगाळला.

चहा पिता पिता अण्णा एकदम म्हणाले, "दोरी कशी धरलीस?"

"म्हणजे?"

"जमिनीवर टाकलीस न्हवं? उतारावर?" त्यांनी कप खाली ठेवला. "नकाशा सपाट असतोय, येडे. त्याला चढ ठावं न्हाई. दोरी हवेत आडवी धराय पायजे, खालच्यानं हात वर करून. चढावर टाकलीस म्हणून तू अलीकडंच थांबलीस. अजून वर हाय ते. तीसेक फूट तरी वर हाय." त्यांचे डोळे लकाकले होते. आपल्या गावापासून अर्ध्या पृथ्वीपलीकडे, जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी चाललेल्या माणसाची मोजणी चुकली असेल, असं त्यांना क्षणभरही वाटलं नव्हतं. चूक आपल्याकडे शोधली होती आणि ती सापडली होती.

वृंदा आणि कोलमन पुन्हा निघाले. या वेळी अर्धी अर्धी साखळी ताणत, खालून कोलमन सुतळीचं टोक डोक्याच्या वर, दोन्ही हात ताणून धरायचा, वृंदा वरचं टोक गवतात टेकवून गुडघ्यांवर बसायची, आणि सुतळी पाण्यासारखी सपाट आहे ना ते अण्णा खालून बघायचे. दोघांच्याही खांद्यांना कळ लागली. अण्णांचे हात डावीकडे, उजवीकडे, खाली. मघाची जागा मागं पडली. बारावी साखळी एका शेवाळी खळग्याच्या अलीकडे संपली, त्यात नेचे माजले होते. मेंढी सुखानं चरायला जाईल अशी हिरवीगार जागा. वृंदानं काठी पुढं केली. काठी आत गेली. आणखी रेटली, हातभर गेली, आणि मग तिच्या पलीकडच्या टोकाला काहीच लागेना. नेच्याच्या पानांखाली कुजलेल्या फळ्या होत्या, शंभर वर्षांपूर्वी कुणी तोंड झाकायला टाकलेल्या, त्यांवर माती, मातीवर गवत. कोलमननं दोर आवळून धरला. तिनं ओणवं होऊन एक दगड त्या फटीतून सोडला. एक, दोन, तीन म्हणेपर्यंत काहीच नाही. मग खूप खोलवर पाणी वाजलं. आणि तिच्या तोंडावर तो वारा आला, तोच, गार आणि जुना. पण या वेळी तिचा पाय मागं सरला नाही. वाट तिथून पंधरा पावलांवर होती.

ती सरळ उभी राहिली आणि हात वर केला. लांब खाली, राखाडी भिंतीपाशी, त्या छोट्या आकृतीनं काठी बाजूला टाकली, दोन्ही हात सावकाश खाली आणले आणि तसेच ठेवले. तिथंच. कोलमन टोपी काढून उभा होता. मेंढ्यांसाठी असेल, किंवा आणखी कुणासाठी.

वृंदानं तिथूनच शिवॉनला फोटो पाठवले, आणि पुन्हा एक दगड टाकून त्याचा आवाजही. ते खाली घरात पोचून पायमोजे स्टोव्हपुढं वाळत घालेपर्यंत तिचं उत्तर आलं होतं: वाट पश्चिमेच्या बाजूनं नेतोय, आणि कौन्सिलला आताच कळवतेय, आणि सॉरी. कोलमननं भिंतीतल्या प्रेसमधून, म्हणजे कपाटातून, ब्रेड आणि मार्मलेड काढलं, टेबल पुसलं, आणि नकाशाची प्रत मधोमध पसरून म्हणाला की आता हे कुणीतरी नीट मांडून ठेवा, नव्या नकाशावर. माझ्यानंतर इथं मेंढ्या राखायला येईल त्याला कळलं पाहिजे. नवा नकाशा त्याच्याकडे होता, मोठ्या मापाचा, मेंढ्यांच्या अनुदानासाठी आलेला. अण्णांनी त्यावर वाड्याचा कोपरा शोधला, भिंत शोधली, पातळ रेघ आखली, अंतर दोनदा मोजलं. कोलमन काय म्हणतोय ते त्यांना शब्दानं समजत नव्हतं आणि ते काय म्हणताहेत ते कोलमनला. दोघं आपापल्या भाषेत बोलत होते आणि दोघांचं एकमत होत होतं. शेवटी अण्णांनी पेन्सिलीला टोक काढलं, फुंकर मारली, आणि ती वृंदापुढं धरली.

"मांड."

"तुम्ही मांडा, अण्णा. मला नाही येणार असं बारीक."

"मी न्हवतो तिथं," ते म्हणाले. "तू उभी होतीस. जो उभा असतोय त्यानं मांडायचं."

तिनं पेन्सिल घेतली. कोलमननं दिवा जवळ ओढला. रेघेवरच्या खुणेवर टोक टेकवून तिनं दाबलं, आणि ते थोडं फिरवलं, आणि अजून थोडं, कारण आता उचलायला हात होईना. मग उचललं. अण्णा चष्मा वर करून कागदावर वाकले, बराच वेळ बघत राहिले.

"जरा मोठं झालं," ते म्हणाले. "चालतंय. लांबनं दिसंल."